कोठीतला डावा हात

स्पीकर जळला की कानाच्या आधी नाकाला कळतं. आतल्या तारेवरचं वार्निश करपलं की एक गोडसर, डोळ्यांत जाणारा वास येतो. दूध उतू जाऊन बर्नरवर करपतं ना, साधारण तसा. गिऱ्हाईक गाळ्याची पायरी चढायच्या आधीच मी आतून ओरडते, "जाळलात ना?" बाहेरून हमखास उत्तर येतं, "नाही हो काकू, आपोआपच बंद पडला." आजवर माझ्याकडे आलेला एकही स्पीकर कुणी जाळलेला नाही. सगळे आपोआप गेलेत. देवाज्ञाच म्हणायची.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर गाळ्यांची एक ओळ आहे, त्यात शिलाई मशीनवाला आणि रसवंती यांच्यामध्ये माझा गाळा. फाटलेले कोन बदलायचे आणि जळलेल्या कॉइली नव्याने भरायच्या, हे माझं काम. कोन म्हणजे स्पीकरचा तो कागदी वाडगा, जो थरथरतो. त्याच्या बुडाशी कागदाच्या नळीवर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती कॉइल. मिस्टरांची कंपनी बंद पडली तेव्हा मी घरबसल्या कॉइली भरायचं काम आणायला लागले. तार एकाला एक लागून यायला हवी, एकीवर दुसरी चढता कामा नये. लेकींच्या वेण्या घातलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे वाटलं, आपण भरतो ती कॉइल जाते तरी कुठे, बघू या की. म्हणून घरातला रेडिओ उघडला. मिस्टर म्हणाले, "आता बातम्या कोण देणार, तू?" संध्याकाळी रेडिओ पुन्हा बोलायला लागला. ते दारात उभे होते. मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला. माझी पदवी म्हणाल तर तो चहा.

लोक विचारतात, काकू, सबवूफर सबवूफर म्हणतात ते नक्की काय असतं? मी त्यांना तोंडाने सांगत नाही, करून दाखवते. एक मोठा स्पीकर टेबलावर तसाच उघडा ठेवते आणि गाणं लावते. आवाज येतो टिचटिच, डास गुणगुणल्यासारखा. मग तोच स्पीकर पुठ्ठ्याच्या खोक्याला पाडलेल्या भोकात बसवते. लगेच पोटात धुम व्हायला लागतं. माणसं खोक्याच्या आत वाकून बघतात, मी काही लपवलंय का म्हणून. लपवलेलं काही नसतं. कोन पुढे सरकला की पुढची हवा ढकलतो आणि त्याच वेळी मागची ओढतो. पुढची हवा कडेने वळून मागच्या हवेला जाऊन भेटली की दोघींचं तिथल्या तिथे मिटतं, आपल्यापर्यंत काहीच येत नाही. म्हणून मध्ये भिंत घालायची. दोन जावा एका ओट्यावर नकोत, एवढंच शास्त्र आहे. भिंत कसली का असेना, प्लायवूडची, पत्र्याची, मातीची. आकार आणि घट्टपणा जमला पाहिजे.

मातीची म्हटलं तर खरंच मातीची केलीय. डोंबिवलीचे एक निवृत्त सद्गृहस्थ आले होते. शेजाऱ्यांनी नवीन होम थिएटर घेतलं आणि ह्यांच्या मांडणीवरच्या वाट्या नाचायला लागल्या. "बाई, ह्यावर उपाय सांगा." मी म्हटलं, "काका, बारीक आवाज भिंत अडवते, खोल आवाजाला भिंत समजतच नाही. तुम्ही वाट्यांखाली फडकं घाला." ते गेले. आठ-पंधरा दिवसांनी परत आले ते नवाकोरा माठ घेऊन. म्हणाले, "ह्यात बसवून द्या. आता त्यांच्या वाट्या." मी खूप समजावलं, पण पेटले होते ते. शेवटी माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला, बुडाला भोक पाडून नळी घातली. सांगायला आनंद होतो की आवाज फार गोड आला. त्यांनी त्यावर सनई-चौघडा लावला, त्यातला चौघडा भिंतीपलीकडे गेला, आणि शेजारी भांडायला येण्याऐवजी माठ बघायला आले. आता दोघं मिळून ऐकतात. त्या माठाचा फोटो कुणीतरी फिरवला आणि माझं नाव झालं, माठवाल्या काकू.

मिरवण्यासारखं आहे तसं खंतावण्यासारखंही आहे. मंडळाची पोरं विसर्जनाच्या आदल्या दिवशी करपलेले स्पीकर आणतात, मी ते उभे करून देते, आणि दुसऱ्या दिवशी मिरवणूक आमच्याच गल्लीतून जाते तेव्हा खिडकीची काच धरून उभी राहते. पलीकडच्या इमारतीत एक आजी झोपून आहेत. त्यांच्या छातीत बसत असेल ना ते? ते स्पीकर उभे करणारे हात माझेच असतात. पण मी नाही म्हटलं तर पोरं दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे जातील. असं स्वतःला सांगते आणि पुढची कॉइल भरायला घेते.

पण आज लिहायला बसले ती हिराबाईंसाठी.

एका दुपारी एक बाई गाळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली, केसांत अबोली. हातात स्पीकर नाही, पिशवी नाही. मी विचारलं, "काय काम होतं?"

"माठवाली तूच का गो बाय?"

"मीच. माठ हवाय का?"

"माठ नको. मना डावा हात बनवून दे."

मी हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई खाली ठेवली. त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. हळूहळू कळलं ते असं. हिराबाई आंबिवलीच्या पलीकडच्या एका आगरी गावातल्या. आता गावाला इमारतींनी तीन बाजूंनी घेरलंय, पण देऊळ, भजनी मंडळ आणि दरवर्षीचा सप्ताह तसाच चालतो. त्यांचे मालक बाळारामभाऊ त्या मंडळाचे पखवाजी, मिसरूड फुटल्यापासूनचे. गेल्या वर्षी लकवा मारला. काठी धरून चालतात, डॉक्टर म्हणाले वाचाही शाबूत आहे. फक्त डावा हात लुळा पडला.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. पखवाजाला दोन तोंडं. उजवीकडे शाई लावलेली पुडी, ती टणटणीत बोलते. डावीकडे धुमा. त्यावर वाजवायच्या आधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात, म्हणून तो खर्जात घुमतो. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी. डावा हात गेला म्हणजे धुमा गेला, आणि धुम्याशिवाय पखवाज म्हणजे, टेबलावरचा तो उघडा स्पीकर आठवा.

"हात गेला त्याचा काय नाय गो," हिराबाई म्हणाल्या. "जेवतान, चालतान. पन बोलत नाय. भितीकरं तोंड करून बसतान. सून जेवाला हाक मारते तर मान हलवतान. मी बोलते तर मान पन नाय. सप्ताह जवल आलाय. दामूबुवा आले, बोलले, पखवाज मंडलाला द्या, नवीन पोरगा वाजवील. यांनी हात केला, न्या म्हनून. मी बोलले, पुसून ठेवते, मग न्या. आता मी पुसतेच हाय."

"किती दिवस पुसणार?"

"तू डबा बनवशील तवर."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. माझ्या डब्यातून धुम निघतं. धुमा म्हणजे धुमच. उजवा हात शाबूत आहे, तो पुडी वाजवील, डाव्याचं काम डबा करील. एकदा का पखवाज घरातून गेला की हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेलाच संपणार, हे त्या बोलल्या नाहीत. पण स्टुलावरून उठतही नव्हत्या.

मी म्हटलं, "हिराबाई, मी बिघडलेले स्पीकर बरे करते हो. माणसं नाही."

"मानसाला मी बघते. तू डबा बघ."

झालं. दुसऱ्या दिवशी बाई रिक्षातून तांदळाची कोठी घेऊन हजर. स्टीलची, कमरेएवढी. सुनेने प्लास्टिकचे डबे आणल्यापासून कोठी रिकामी होती, आणि रिकामं भांडं घरात ठेवू नये असं त्यांचं मत. मी बोटाने वाजवून पाहिलं, टण्ण. स्टील स्वतःच गायला लागलं तर धुम कसलं ऐकू येणार? आतून अस्तर लागणार होतं. दुपारी त्यांनी जुनी गोधडी आणली. आम्ही दोघींनी ती कोठीच्या आत फेव्हिकॉलने चिकटवली, डोकं आत घालून, आळीपाळीने. झाकणाच्या जागी लाकडी चकती हवी होती. माळ्यावर माझ्या नातवंडांचा मोडका कॅरम पडला होता. त्याच्यासारखं सरळ, सुकं प्लायवूड विकत घेऊन मिळत नाही. गोल कापला, मध्ये भोक पाडलं, त्यात एका भंगारातल्या होम थिएटरचा स्पीकर बसवला. चकती आणि कोठीच्या मध्ये सायकलची जुनी ट्यूब कापून दाबली. हवा सुटायला बाजूला भोक पाडून प्लंबरकडच्या पाइपचे दोन तुकडे घातले, एकात एक सरकणारे.

ह्या पाइपाचं महत्त्व सांगते. नळी जितकी लांब तितका आवाज खोल, आखूड केली की वर चढतो. मोबाइलवरचं भजन कोठीला जोडून मी पाइप सरकवत होते आणि हिराबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

"यो नाय. अजून खाली."

मी पाइप ओढला.

"यो पन नाय. यो तर ढोल झाला."

"आता?"

"जरासा वर. जरासा. थांब, थांब!" त्यांनी डोळे उघडले. "यो. कनीक ओली असली का असा येतो. सुकी झाली का मघाचा."

मी पेन्सिलीने खूण केली. माझ्याजवळ आवाज मोजायचं मीटर आहे. त्या दिवशी ते खोक्यातून बाहेर काढलंच नाही.

एका सांध्यातून मात्र फुस्स आवाज यायचा. हवा गळत होती, म्हणजे दम जात होता. मी एम-सील आणायला कोपऱ्यावर गेले. परत येते तो गळती बंद, आवाज भरदार. हिराबाई हात झटकत उभ्या. "लावली कनीक. डब्यात घेऊन आलेले. धुम्याला लागते ना!" सांध्यावर छान थापलेली ओली कणीक. इतका सुंदर आवाज लागला होता की मलाही वाटलं, राहू दे. सकाळी गाळा उघडला तर मुंग्यांची रांग कोठीवरून पाइपात, पाइपातून गोधडीत. आतून उंदरानेही हजेरी लावून गोधडीचा कोपरा नेला होता. सगळं उन्हात झटकलं, एम-सील लावलं. हिराबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मुंग्यांना पन कलला, चांगला हाय."

कोठी झाली, पण बाळारामभाऊंनी ती वाजवायची कशाने? त्याची युक्ती गजराच्या घड्याळात सापडली. त्यात पितळेची पातळ चकती असते. वीज दिली की ती वाजते. पण उलटी जोडली की ती ऐकते, तिच्यावर ठोका पडला की तीच इवलीशी वीज देते. ती चकती एका लाकडी पाटाच्या पोटाला चिकटवली. पाटही हिराबाईंच्या स्वयंपाकघरातला, बसून भाकरी थापायचा. चकतीची वायर जुन्या कॉम्प्युटर स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला, आणि त्यातून कोठीला. ठोक्यातला वरचा 'टक' आवाज नको होता, तो गाळायला मध्ये एक छोटा कपॅसिटर टाकला, चहा गाळतो तसा. पाटावर हात मारला. कोठीतून आलं, धुम्. शेजारचा शिलाई मशीनवाला मान वळवून म्हणाला, "काकू, कुठे भजन चाललंय?"

बेत असा होता. बाळारामभाऊ खुर्चीत बसतील, पखवाज समोर स्टँडवर, उजवा हात पुडीवर, आणि पाट उजव्या पायाखाली. टाचेने धुमा वाजवतील. मला माझ्या बेताचा फार अभिमान वाटत होता.

त्यांच्या घरी गेले. ओटीवर खुर्ची, खुर्चीत भाऊ, तोंड भिंतीकडे. उंच माणूस, हाडं रुंद. उजवा हात मांडीवर, डावा उशीवर ठेवलेला, दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा. दामूबुवाही आले होते, मंडळाचे गाणारे. त्यांना पखवाज हवा होता आणि डबा बघायचाही होता. हिराबाईंनी खुर्ची वळवली. भाऊंनी विरोध केला नाही, मदतही केली नाही. हिराबाईंनीच त्यांचा उजवा पाय उचलून पाटावर ठेवला.

"मारा," हिराबाई म्हणाल्या.

मग टाच हलली. धुम्.

ओटीवरची भांडी हलली. भाऊंनी कोठीकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचे डोळे एखाद्या वस्तूवर थांबलेले मी पाहत होते. पुन्हा टाच मारली. मग हिराबाईंनी त्यांचा उजवा हात पुडीवर ठेवला आणि ते वाजवायला गेले.

इथे माझी हुशारी उघडी पडली. उजवा हात आणि उजवा पाय एकाच बाजूचे. हात पडला की पाय पडतो. पुडी आणि धुमा दरवेळी एकदमच वाजायला लागले. जन्मभर दोन हात एकमेकांशी बोलत आले, त्यांतला एक आता पायाला जाऊन काय सांगणार? भाऊंनी तीन-चारदा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. त्यात कोठीचा हादरा जमिनीतून पाटापर्यंत पोचला, पाटाला वाटलं ठोकाच पडला, त्याने पुन्हा कोठी वाजवली, तिने पुन्हा पाट. घूंऽऽ असा आवाज सुरू झाला तो थांबेना. मी धावत वायर उपटली.

दामूबुवा हसले नाहीत, पण हसू दाबलेलं दिसलं. "बाई, मशीनला लय नसते हो," ते म्हणाले. "राहू दे, भाऊ. पोरगा वाजवील."

भाऊंनी पाय पाटावरून काढला. काठीने खुर्चीचा पाय रेटला आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मला वाटलं, होता तो धागाही मी तोडला. हिराबाई आत गेल्या. चुलीपाशी काही उगाच इकडचं तिकडे करायचे आवाज येत होते.

हाताला काम असलं की मला सुचतं, म्हणून मी घूं घूं बंद करायच्या मागे लागले. कोठीखाली स्लिपरचे रबरी तळवे कापून घातले, पाटाखाली घोंगडी घडी करून. वायर पुन्हा जोडली. हिराबाईंना हाक मारली, "जरा इकडे या, पाटावर हाताने ठोका मारत राहा. मी कोठी सरकवून बघते कुठे घुमत नाही."

त्या पाटासमोर मांडी घालून बसल्या आणि मारायला लागल्या. मी कोठी कोपऱ्यातून दाराकडे नेली, दारातून खांबाकडे. घूं थांबली. मी पाइपाला कान लावून ऐकत होते, आवाज स्वच्छ आहे ना ते. आणि माझ्या लक्षात आलं की बाई ठोके मारत नाहीयेत. धुम्, मग रिकामं, मग दोन लागोपाठ, मग पुन्हा रिकामं. भजनी ठेका होता तो. नुसत्या डाव्या हाताचा. उजव्याच्या जागा त्या मोकळ्या सोडत होत्या. त्यांचं त्यांना भानही नव्हतं, माझ्याकडे बघून विचारत होत्या, "बरा येतो का गो आता?"

मी बोलणार तोच भिंतीकडून आवाज आला. जाडसर, खरखरीत, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा.

"चुकलीस."

हिराबाईंचा हात थांबला.

"सम खाल्लीस," भिंतीकडे तोंड करूनच भाऊ म्हणाले.

हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. बाई भडकल्या. "मी खाल्ली? तुमीच कवा तिथे दोन मारता, कवा एक! मी आत भाकऱ्या थापते, मना कलत नाय काय?"

"दोन नाय. एक उघडा, एक दाबून."

"पाट दाबून कसा वाजवाचा?"

"दाबून म्हंजे हलू. हलू मार." आणि खुर्ची वळली. उजवा हात पुडीवर पडला. "हा. आता. धर."

दामूबुवा ओटीच्या पायरीवर चप्पल घालत होते. एकच घातलेली, तसेच उभे राहिले.

मला आता एक प्रश्न पडला होता, तुम्हालाही पडला असेल. मी हिराबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला येतंच आहे, तर पखवाजाच्या डावीकडे बसून धुमाच का नाही वाजवत? कोठी, वायर, एवढं कशाला?"

त्या दचकल्या, मला वेड्यातच काढलं. "येरी का काय गो! बायमानसाने पखवाजाला हात लावाचा? आजवर कनीक मलून दिली ती पन वाटीत. थापली त्यांनी."

"मग हे कसं चालतं?"

"पाट माजा हाय," हिराबाई म्हणाल्या. "कोठी माजी हाय. माज्या पाटावर मी हात मारते, त्याला कोन काय बोलनार?"

हा मुद्दा त्यांनी दामूबुवांपुढेही तसाच मांडला. बुवा दोन दिवस विचार करत होते म्हणे. बाईमाणूस टाळकऱ्यांच्या रांगेत बसणार हे त्यांना पटेना, आणि पाटाला हरकत घ्यायला काही कारण सापडेना. शेवटी तोडगाही हिराबाईंनीच काढला. त्या रांगेत बसणार नव्हत्या, बसणार होत्या बायकांच्या बाजूला, आपल्या जावांमध्ये. पाट तिथे. कोठी भाऊंच्या डाव्या हाताशी. मध्ये वायर. त्यासाठी मला लांब वायर आणून जोडून द्यावी लागली, आणि तिच्यावरून लोकांनी अडखळू नये म्हणून सतरंजीखालून नेली.

सप्ताहातल्या त्या संध्याकाळी मी देवळात सगळ्यात मागे, बायकांच्या बाजूला बसले होते. सोल्डरिंगने जोडलेली माझी वायर भर मंडपात सुटली तर? समोर पुरुषांच्या रांगेत भाऊ खुर्चीत, धुतलेला सदरा, कपाळावर बुक्का. पखवाजाच्या धुम्यालाही ताजी कणीक लावलेली होती. वाजणार नव्हता तरी. हिराबाईंनी मळून दिली होती, भाऊंनी उजव्या हाताने थापली होती. मी विचारलं तर हिराबाई म्हणाल्या, "उपाशी कसा बसवाचा?"

दामूबुवांनी सुरुवात केली. टाळ लागले. उजव्या हाताने पुडी बोलली आणि आम्हा बायकांमधून एक तळहात पाटावर पडला. कोठी घुमली. सुरुवातीला हिराबाई घाईत होत्या. भाऊंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, भर देवळात, इतक्या लोकांदेखत, आणि हनुवटीने खूण केली, हळू. त्या सावरल्या. मग दुसरं भजन, तिसरं. लोक आधी कोठीकडे बघत होते, मग वायर कुठे जाते ते शोधत होते, मग बघायचं विसरून गेले. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. स्पीकरकडे लोक बघायला लागले तर समजावं काहीतरी बिघडलंय.

खोटं कशाला सांगू, खरा धुमा तो खराच. पंजा घासून त्यातून जो हुंकार काढतात तो माझ्या कोठीतून येत नाही. मी खूप खटपट केली, अजून करतेय. एक म्हातारे टाळकरी जाताना म्हणाले, "बरं वाजलं, पण रडलं नाही." खरं आहे त्यांचं. तेवढं मला जमलेलं नाही.

सप्ताह झाला. पखवाज मागायला नंतर कुणी आलं नाही. नवीन पोरगा शिकायला येतो म्हणे, भाऊ त्याला शिकवतात.

परवा हिराबाईंचा फोन आला. आवाजावरून वाटलं काहीतरी झालंय. "बाय, तू काय करून ठेवलंस गो! सकाली उठल्यापासून सुरू. चाय घेत नाय तवर पाट मांडा. भाकरी तव्यावर, तर बोलतान ठेका धर. काल कोलबी जलली माजी. वर्षभर बोलला नाय मानूस, आता मना बोलू देत नाय! हात असा नको, बोटं तशी नको, तुज्या आयशीने काय शिकवला—"

मध्येच खरखर झाली. फोन कुणीतरी ओढून घेतला.

"बाय," भाऊ म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते. "हिला सांगा तुमी. अंगठा उचलून मारायचा. मी सांगून दमलो, ती आयकत नाय."

"आयकत नाय?" मागून आवाज आला. "जन्मभर तुमचाच आयकतेय की!"

"आयकलंस तर अंगठा कशाला टेकवतेस?"

"टेकवला कवा? बाय, तू सांग, मी टेकवला?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला. दोघं एकदमच बोलत होती, आणि मला काय विचारलं होतं ते दोघंही विसरली होती.